आमच्या भिंतीपलीकडची कायोटी

मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणोत. शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य काढलं की बाईचा आवाज असाच होतो. एवढी पोरं ताटं घेऊन रांगेत उभी असताना हळू बोलून भागत नाही. आमच्या गल्लीत कुणी कचऱ्याचा डबा रस्त्यावर विसरला, कुणी गाडी दुसऱ्याच्या दारात लावली, की नोरीन बोलणार हे ठरलेलं. त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. आता वाटते, आणि इतकी वाटते की टपाल काढायला फाटकापर्यंत जायचं तरी आधी खिडकीतून बघून घेते, बाहेर कुणी आहे का.

आमची गल्ली टूसॉन शहराच्या अगदी कडेला. घरामागे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे कोरडा ओढा, आणि ओढ्यापलीकडे नुसतं वाळवंट, कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटींचं. शेजारी ओपल राहते. ऐंशी कधीच ओलांडलीय तिनं. नवरा हार्लन जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि तिचा बोका, डीकन. अंगानं काळाभोर, गळ्याशी तेवढा पांढरा पट्टा, चर्चमधल्या माणसाच्या कॉलरसारखा, म्हणून डीकन. बाकी भक्तीचं नाव नव्हतं त्याच्यात. दिवसभर बाहेर. ओढ्यात सरडे धर, माझ्या गुलाबाच्या मातीत घाण कर, लायलच्या गाडीच्या बॉनेटवर ऊन खात पड. लायल म्हणजे माझा नवरा. मी गुलाबावरून बोंबलायचे आणि तो गाडीवरचे पंजांचे ठसे मुकाट्यानं पुसायचा.

संध्याकाळ झाली की आमच्याकडे मांजरांची घंटा होते. घंटा म्हणजे डबे. कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात मांजराचं कोरडं खाणं, आणि मागच्या दारात उभं राहून तो खुळखुळवायचा. दारोदार डबे वाजतात आणि ज्याची त्याची मांजरं भिंती ओलांडून घरी येतात. ओपलचा डबा सगळ्यात उशिरा वाजायचा. डीकनला काळोख पडत आलेला आवडतो म्हणायची. मी तिला कितीदा तरी म्हटलं होतं, बाई, त्याला घरात ठेव, ओढ्यात कायोटी ओरडतात ते तुला ऐकू येत नाही का? ती हसून म्हणायची, "डीकनला कोण खातंय, नुसती हाडं आणि गर्व."

हे सगळं यंदाच्या वसंतातलं. ओपलनं डबा वाजवला. डीकन ओढ्यातून निघून भिंतीवर चढला आणि त्याच्या मागून कायोटी आली. ओपल सांगते, धावत नाही आली, रमतगमत आली. भिंतीवर पाय ठेवून थांबली. ओपलकडे बघत राहिली, जणू काही सांगशील तर ऐकते. ओपल घाबरून जागच्या जागी थिजली. कायोटीनं थोडी वाट बघितली, मग मान वळवली, डीकनला मानगुटीला धरलं आणि ओढ्यात उतरली.

मी ओपलचं ओरडणं ऐकून कणकेच्या हातानं धावले. ती पायरीवर बसली होती आणि डबा तिच्या मांडीवर उलटा झाला होता. चार शब्द धीराचे बोलायचे तर माझ्या तोंडून पहिलं निघालं, "किती वेळा सांगितलं होतं तुला."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या रविवारी गल्लीचं जेवण होतं. मेस्किटच्या झाडाखाली टेबलं मांडायची, प्रत्येक घरून एकेक पदार्थ आणायचा, अशी आमची पद्धत. मी बीन्स आणि मक्याचा पाव नेला होता. ओपल बटाट्याची कोशिंबीर घेऊन आली.  त्या दिवशी मी वन्यजीव खात्याच्या बाईंनाही बोलावलं होतं. क्विरोझ त्यांचं नाव. तरुण, शांत, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. त्या सांगत होत्या की वसंतात कायोटीला पिल्लं असतात, तिला भूक जास्त, आणि बाहेर फिरणारं मांजर तिच्या दृष्टीनं सशासारखंच. पण माणूस समोर उभा असताना ती भिंतीवर थांबते, हे लक्षण बरं नाही. कुणीतरी तिला खायला घालत असणार.

झालं. मला विषयच मिळाला. म्हणतात ना, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"कुणी घालत असेल त्याला मी शोधून काढीनच," मी म्हटलं. "त्याच्या दारावर पाटी लावीन, आत निर्लज्ज माणूस राहतो म्हणून. पण ओपल, खरं सांगू का, कायोटीचा यात दोष काय? तिला भूक लागली, तू ताट वाढलंस. वर डबा वाजवून या जेवायला म्हणालीस."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. हसणाऱ्यालाही लगेच लाज वाटली असावी, कारण त्यानं खोकल्याचं सोंग केलं. मला नाही वाटली. मी आणखी बोलले. तुझं प्रेम म्हणजे आळस आहे म्हणाले. घाणीचा ट्रे साफ करायला नको म्हणून बोका बाहेर, असं म्हणाले. ज्या माणसाला जनावर सांभाळता येत नाही त्यानं पाळू नये, असंही म्हणाले.

ओपलनं काटा ताटात ठेवला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग लायलकडे. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं, नोरीन."

"नोरीन, पुरे," लायल म्हणाला.

"तू जेव," मी म्हटलं.

लायलबद्दल सांगायला हवं. तो पहिल्यापासून मितभाषी, पण गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आमचा कुत्रा ट्रकर गेला तेव्हापासून घरात आवाज म्हणजे माझाच. ट्रकर म्हातारा होऊन मेला, पण लायलला त्याचा चटका लागला. सकाळी उजाडता उजाडता तो ट्रकरला फिरवायला न्यायचा. कुत्रा गेला तरी माणूस त्याच वेळी उठून बाहेर जात राहिला. मी म्हणायचे, जाऊ दे बिचाऱ्याला, पाय मोकळे करतोय. ट्रकरच्या खाण्याचं पोतं गॅरेजमध्ये पडलं होतं. ते प्राण्यांच्या आश्रमात देऊन ये म्हणून मी दोनदा सांगितलं. देतो म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी गल्लीभर घालत होते.

क्विरोझबाईंनी उपाय सांगितला होता, कायोटीला माणसाची भीती पुन्हा बसवायची. ती दिसली की सगळ्यांनी मिळून मोठं व्हायचं, हात वर करायचे, ओरडायचं, पाणी उडवायचं, आणि आवाज करायचा. आवाजासाठी सगळ्यात सोपं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे घालून तो हलवायचा. मी म्हटलं, हे काम माझ्याकडे. शाळेत काम केलेली बाई, डब्यांना काय तोटा. दोन दिवस मी डबे गोळा करून त्यात ओढ्यातले खडे भरत होते, तोंडाला चिकटपट्टी लावत होते. लायल दारात उभा राहून बघायचा.

"डबे नकोत," एकदा म्हणाला.

"का नकोत?"

"पातेली वाजवू. शिट्ट्या वाजवू. डबे नकोत, नोरीन."

"क्विरोझबाई शिकून आल्यात आणि तू शिकवणार?"

"सगळे डबेच तर वाजवतात इथं. मांजरांसाठी."

"मग या वेळी कायोटीसाठी वाजवू," मी म्हटलं.  मला वाटलं, वयाबरोबर हट्टी होतोय.

शनिवारी संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या काठावर जमलो. सगळ्यांच्या हातात माझे डबे. लायल येत नव्हता, गुडघा दुखतोय म्हणाला; मी दंडाला धरून आणला. ओपल तिच्या मागच्या पायरीवर काठी टेकून उभी होती. तिला मी डबा दिला नव्हता. उगाच दुःख कशाला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. मोठी समजूतदार झाले होते ना मी.

कायोटी झुडपांमागून निघाली. मागचा एक पाय जरा उचलून टाकत होती. पोट खपाटीला, आचळं लोंबलेली. क्विरोझबाईंनी हात वर केला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम डबे हलवले.

तिनं कान टवकारले आणि सरळ आमच्याकडे चालायला लागली.

आम्ही जोरानं हलवले. ती दुडक्या चालीनं आली. कुणी ओरडलं, कुणी मागे सरकलं, एका बाईंच्या हातातला डबा पडून गडगडत ओढ्यात गेला. कायोटीनं तो हुंगला, सोडून दिला, आणि आमच्या रांगेकडे नीट बघितलं. ज्याला शोधत होती तो सापडला. लायलच्या समोर येऊन, पुढचे दोन्ही पाय जुळवून, ती खाली बसली. ट्रकर जेवणापूर्वी बसायचा तशी. आणि माझ्या नवऱ्याचा उजवा हात, त्याचं त्यालाही कळलं नसेल, तळवा खाली करून कमरेशी गेला. थांब, अशी खूण. ती खूण मी तेरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बघितली होती.

मला सगळं कळलं. लोकांना काही कळलं नाही, ती पिसाळली असेल असंच सगळे ओरडत होते. मी पाण्याची नळी ओढून सगळा झोत तिच्या तोंडावर मारला. ती उठली, पुन्हा लायलकडे बघितलं, आणि मग गेली. जाताना पळालीसुद्धा नाही.

"हिला कुणीतरी डबा वाजवून जेवायला घालतंय," क्विरोझबाई म्हणाल्या. "बरेच महिने. आता हिला भीती घालून उपयोग नाही, ही माणसाला भिणारच नाही. दुसरीकडे सोडली तर दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन बसेल. हिला मारावं लागेल." मग त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. "कोण घालतं ते कळलं तर बरं होईल. मी दंडाचं नंतर बघेन. आधी कळू दे."

लायलनं श्वास घेतला. मी त्याचं कोपर असं धरलं की नखं रुतली असतील. आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आमच्या गल्लीत असलं कुणी नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं असेल."

ओपल पायरीवरून सगळं बघत होती. ती आत गेली आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी, जी आमच्या भिंतीकडे आणि ओढ्याकडे उघडते, तिचा पडदा तिनं खाली सोडला. मला वाटलं, बिचारीला डीकनची आठवण झाली.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि लायलला खुर्चीत बसवलं.

"कधीपासून?"

"थंडीपासून. पाय मोडला होता तिचा. ट्रकरचं पोतं तसंच पडलं होतं."

"ते पोतं कधीच संपलं असेल."

"आणलं दुसरं," तो म्हणाला.

"आणि बसायला शिकवलंस? वाळवंटातल्या कायोटीला?"

"मी नाही शिकवलं. एकदा आपणहून बसली, तेव्हा मला बरं वाटलं. मग मी दिलं. मग रोज बसायला लागली."

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. मूर्खा म्हणाले, म्हाताऱ्या म्हणाले, गल्लीत माझं नाक कापलंस म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती डीकनसाठी आलीच नव्हती, नोरीन. मी सकाळी डबा वाजवायचो, ओपल संध्याकाळी वाजवायची. त्या जनावराला काय कळणार कुणाचा कुठला. ती डबा ऐकून आली. ओपलपुढे थांबली, वाट बघितली. खायला मिळालं नाही. आणि डीकन समोर होता."

मी खुर्ची ओढून बसले. भिंतीवर थांबून बघत राहिली, असं ओपल रडत सांगत होती, आणि त्याचा अर्थ हा होता.

"मी जाऊन ओपलला सांगतो," लायल म्हणाला. "तिला वाटतंय तिनंच मारलं त्याला."

"काही सांगायचं नाही."

"तूच तिला तसं म्हणालीस, सगळ्यांसमोर."

"म्हणून तर. आता कुठल्या तोंडानं जाणार? पाटी लावीन म्हणाले मी, आठवतं ना? स्वतःच्या दारावर लावू? झाकली मूठ सव्वा लाखाची. डबा बंद, पोतं बंद, ती जाईल आपोआप."

तो गप्प बसला. माझ्यापुढे माणसं गप्प बसतात, आणि मी त्याला आपलं जिंकणं समजत आले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले म्हणून विचारू नका. ओपलचा पडदा खालीच. दरवर्षी उन्हाळा सुरू झाला की लायल तिच्या कूलरचं गवत बदलून द्यायचा; यंदा तिनं बोलावलं नाही आणि तो आपणहून जाईना. मी एन्चिलाडा करून ताटली तिच्या पायरीवर ठेवून आले, बेल न वाजवता. दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन पुसून, वर तिच्या झाडाची लिंबं ठेवून, आमच्या पायरीवर परत. ती लिंबं मला कापवेनात. दुकानात दोन बायका भेटल्या, म्हणाल्या, नोरीन, तू बोललीस ते बरं केलंस हं, म्हातारीला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मी हो म्हटलं. हो म्हणून दूध घेतलं आणि घरी आले. ओपल मात्र दुकानात यायची थांबली होती, आणि दोष तिचा नसताना ती तोंड लपवतेय हे गल्लीत मला आणि लायललाच माहीत होतं, असं मला वाटायचं.

खात्यानं पिंजरा लावला. कायोटी त्याच्याकडे फिरकली नाही. डबा बंद झाला तशी ती भर सकाळी फाटकाफाटकातून हिंडायला लागली. कचरा टाकायला जाणाऱ्या माणसापुढे येऊन बसायची. एक बाई बाळाला ढकलगाडीत घालून चालली होती, तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली. त्या दिवशी क्विरोझबाई पुन्हा घरोघरी आल्या. आमच्या दारात टोपी काढून उभ्या राहिल्या.

"ती पिंजऱ्याला भुलत नाही, हाकेला येते," त्या म्हणाल्या. "ज्याच्या हाकेला येते तो माणूस मला हवाय. गल्लीत माणसं असताना मला बंदूक चालवता येत नाही. त्यानं तिला ओढ्यात बोलावलं तर एका गोळीत काम होईल, नाहीतर उद्या त्या बाळाला दात लागतील."

मी म्हणायला तोंड उघडलं, की आम्हाला काही कल्पना नाही. माझ्या आधी लायल उठला.

"मी आहे तो," तो म्हणाला. "उद्या सकाळी बोलावतो."

क्विरोझबाईंनी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, याचं मला किती बरं वाटलं, हे सांगायचीही लाज वाटते.

"पिल्लं आहेत तिला," लायल म्हणाला.

"मोठी झालीत आता. नर आहे, तो घालेल खायला. जगतील तेवढी जगतील."

सकाळी तो डबा घेऊन गेला. मी मोरीपाशी उभी राहून नळ पूर्ण सोडला आणि काही धुवायचं नसताना हात धूत राहिले. खिडकीतून दिसत होतं. लायल ओढ्यात मधोमध उभा, वरच्या अंगाला क्विरोझबाईंची गाडी. त्यानं डबा वाजवला. ती लगेच आली, लंगडत, घाईघाईनं. किती दिवसांची उपाशी. त्याच्यासमोर पाय जुळवून बसली. लायलनं सगळा डबा तिच्यापुढे ओतला आणि मागे सरकला, पाठ न फिरवता. तिनं खायला मान घातली. पाण्याच्या आवाजातूनही मला गोळी ऐकू आली.

लायल आत आला, हात पुसले, आणि मला म्हणाला, "आता ओपलकडे जा. मी जाणार होतो, तू जाऊ दिलं नाहीस. आता तूच जा."

गेले. ओपलनं दार उघडलं, आत ये म्हणाली, कॉफी ओतली. खिडकीचा पडदा वर होता. म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं. मी कपाकडे बघत बोलायला लागले.

"ओपल, त्या कायोटीला आमचा लायल खायला घालत होता. थंडीपासून."

"हो ना," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"इथून दिसायचं मला. सकाळी मी इथंच बसते. लांबून वाटायचं भटकं कुत्रं असेल, माझे डोळे असे. म्हटलं, बरं झालं, लायलला कुणीतरी सोबत मिळाली. मग ती संध्याकाळी माझ्या भिंतीवर आली, थांबून बघायला लागली, तेव्हा कळलं, हे लायलचंच जनावर."

"आणि तू बोलली नाहीस? इतके दिवस?"

"कुणाला बोलू? हार्लन अंथरुणाला खिळला होता तेव्हा लायल रोज येऊन त्याची दाढी करून जायचा. त्याच्यावर बोट दाखवू? पडदा सोडून ठेवला, नाहीतर त्याला वाटायचं म्हातारी बघतेय." तिनं माझ्या कपात दूध घातलं. "दोष माझाही आहे. बोका बाहेर सोडायचा म्हणजे कधीतरी हे होणारच, ते मला काय कळत नव्हतं?"

"पण त्या दिवशी जेवणात मी तुला किती बोलले."

"ते होय." ती चक्क हसली, आणि हात माझ्या हातावर ठेवला. "अगं, ते मी मनावरच नाही घेतलं. नवऱ्यावर येऊ नये म्हणून बाई दुसऱ्यावर ओरडते. मीही हार्लनसाठी ओरडले आहे, दारू प्यायचा तेव्हा. मी लायलकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हटलं, ओरडू दे. नोरीन आपल्या माणसाला झाकतेय. माझं काय जातंय त्यात. लोकांना तोंड दाखवायचं जड जातं, पण ते जाईल हळूहळू."

इथं मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. तिनं मला माफ केलेलं होतं, आणि मी आहे त्यापेक्षा मला चांगलीही समजली होती. पण तिचा हात माझ्या हातावर होता आणि तो मला सहन होईना.

"ओपल, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "ओढ्यावर ती त्याच्यासमोर बसली तेव्हा कळलं. त्याआधी नाही."

"जेवणाच्या दिवशी माहीत नव्हतं?"

"नाही."

ती विचार करत राहिली. म्हातारी माणसं एकेक गोष्ट उचलून पुन्हा जागेवर ठेवतात, तसं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मग ते ताट वाढलंस म्हणालीस," ती म्हणाली, "डबा वाजवून जेवायला बोलावलंस म्हणालीस. माझं प्रेम म्हणजे आळस म्हणालीस. ते लायलसाठी नव्हतं?"

"नव्हतं."

"ते तू मलाच म्हणालीस?"

"हो," मी म्हटलं. "तुलाच."

ओपलनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला. टेबलाचा आधार घेत उठली, आपला कप मोरीत नेला, मग परत येऊन माझाही नेला. माझी कॉफी अजून अर्धी होती.